आईनं पूर्ण कवळी बसवली, पण डबीतच ठेवते

मीनल_मानेवाडा:
आई 71 वर्षांची, वरचे-खालचे सगळे दात गेलेत. दिवाळीआधी कवळी बसवली. वरची बरी आहे, पण खालची बोलताना उचलते, भाकर चावली की हिरडीला टोचते, म्हणून काढून ठेवते आणि वरण-भात कालवून खाते. खाण्याचं जाऊ द्या, पण भिशी बंद, लग्नाकार्यात जाणं बंद, कोणी घरी आलं की आत जाऊन बसते. इतकी गप्पिष्ट बाई हो! जीव तुटतो पाहून. सवयीनं होईल का हे ठीक?

त्रिमूर्तीनगर_काका:
ताई, मी स्वतः वापरतो. सुरुवातीला लाळ खूप सुटते, स-श नीट निघत नाही. मी रोज पेपर मोठ्यानं वाचायचो, त्यानं जीभ वळली. घास लहान घ्यायचा, दोन्ही बाजूंनी सारखं चावायचं, समोरच्या दातांनी तोडायला गेलं की मागून कवळी उचलते. कच्चं गाजर अजून जमत नाही, पण सांबारवडी कढीसोबत मस्त खातो. आणि आईंना वेगळं ताट देऊ नका, सगळ्यांसोबतच बसवा, माणूस त्यानंच एकटं पडते.

डेंटलवाली_नागपूर:
काकांचं बरोबर, पण टोचणं सहन करायला लावू नका प्लीज. जिथं बनवली तिथं दाखवा, आणि जायच्या आधी काही तास कवळी घालून ठेवा म्हणजे हिरडीवर लाल झालेली जागा दिसते, तिथं कवळी तेवढीच घासून देतात. घरी कानस लावू नका. वरची कवळी टाळूला धरून राहते, खालची नुसती घोड्याच्या नालेसारखी पट्टी, त्यात जीभ सारखी हलते, शिवाय दात गेल्यावर खालचं हाड जास्त झिजते. म्हणून खालचीच तक्रार सगळे करतात, आई नाटक करत नाहीयेत. फारच ढिली असेल तर रिलाइन होते, म्हणजे आतून नवा थर देऊन घट्ट करतात. नाहीतर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) टाकून त्यावर कवळी बटणासारखी बसवतात, 2002 मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. खर्च बराच येतो आणि शुगर असेल तर आधी कंट्रोलमध्ये हवी. दुसरं मत घ्यायचं तर नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात प्रोस्थोला, म्हणजे कवळी-कृत्रिम दातांच्या विभागात, दाखवा. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, गरम पाण्यात वाकते.

मीनल_मानेवाडा:
आईला सगळं वाचून दाखवलं, "नाटक करत नाही" हे दोनदा वाचायला लावलं. सोमवारी घेऊन जाते. ओपीडीत सकाळी लवकर नंबर लावावा लागतो का?