मदत हवी आहे: नववीचं ऑनर्स इंग्लिश, निबंधावर शेरा 'हे तर फक्त कथानक'. आता करायचं काय?

गच्चीवरचा:

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक यंदा नववीत, म्हणजे इथल्या हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला. सातवीपर्यंत पुण्यात इंग्रजी माध्यमात होती, आठवी इथे मिडल स्कूलला झाली. आठवीच्या इंग्रजीच्या बाईंनी शिफारस केली म्हणून ऑनर्स (म्हणजे वरच्या पातळीचा वर्ग) मिळालं, तेव्हा फक्त पेढे वाटायचे राहिले होते. आता पहिला मार्किंग पिरियड संपलाय आणि जेवताना इंग्रजीचा विषय निघाला की लेक ताट घेऊन तिच्या खोलीत जाते.

वाचनाची अडचण नाही, पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचते. व्याकरणाला लाल शाई जवळजवळ नाहीच. गाडी अडते निबंधात. समर रीडिंगवरच्या निबंधाला बी मायनस मिळाला. दुसरा 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'वरचा (निर्जन बेटावर अडकलेल्या मुलांची विल्यम गोल्डिंगची कादंबरी), त्याला थेट सी प्लस. प्रॉम्प्ट असा होता: कादंबरीतली एक वस्तू निवडा आणि तिच्या आधारे लेखक कोणता मोठा विचार मांडतो ते दाखवा. हिने पिगीचा चष्मा घेतला. मधला परिच्छेद तिला विचारून मराठीत देतोय:

"पिगीचा चष्मा कादंबरीत फार महत्त्वाचा आहे. मुलांनी त्याच चष्म्याने आग पेटवली. नंतर जॅकने पिगीला मारलं आणि एक काच फुटली. शेवटी जॅकच्या टोळीने रात्री येऊन चष्मा चोरला. यावरून दिसतं की चष्मा हे बुद्धीचं आणि विज्ञानाचं प्रतीक आहे."

समासात दोनदा 'समरी', एकदा 'सो व्हॉट?' आणि खाली 'कॉमेंटरी कुठे आहे?' रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण देण्याच्या तक्त्यात, एव्हिडन्सला (पुराव्यांना) बऱ्यापैकी गुण, कॉमेंटरीला सगळ्यात खालचा चौकोन.

मी मेकॅनिकलवाला माणूस, इंग्रजी मीटिंगपुरतं. राज्य मंडळाच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेचं अप्रिसिएशन असायचं. शीर्षक, कवी, यमकयोजना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, एवढं ओळीने उतरवलं की गुण हातात. इथे 'सो व्हॉट'चं उत्तर कुठल्या गाईडमध्ये मिळतं?

तर मदत अशी हवी आहे. कॉमेंटरी म्हणजे नेमकं काय आणि ती घरी कशी शिकवायची, म्हणजे मी लिहून न देता? ट्यूटर लावावा का? आणि हिच्या आईचं म्हणणं आहे की सरळ सीपीला, म्हणजे साध्या वर्गात उतरावं, उगाच जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) कशाला खराब करायचा. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया लिहा.

---

भाकरतुकडा:

अगदी आमच्याच घरची गोष्ट! वाचतेय.

---

वास्तववादी_काकू:

मी तुमच्या सौंच्या बाजूने. माझ्या मुलाला नववीत पहिल्या सहामाहीनंतर सीपीत आणलं. आभाळ कोसळलं नाही. तिथल्या बाईंकडे वेळ होता, त्यांनी परिच्छेद न् परिच्छेद बसून लिहून घेतला. अकरावीत त्याने एपी लँग्वेज (कॉलेजच्या तोडीचा इंग्रजीचा कोर्स) घेतलं आणि नीट पार पाडलं. फक्त वर्ग बदलायची शाळेची एक शेवटची तारीख असते, ती काउन्सेलरकडून आजच काढून घ्या. तारीख उलटली तर ट्रान्स्क्रिप्टवर काय दिसेल तेही तेव्हाच विचारा, प्रत्येक डिस्ट्रिक्टचे नियम वेगळे.

जीपीएबद्दल. बऱ्याच ठिकाणी ऑनर्सला अर्ध्या गुणाचं आणि एपीला एका गुणाचं वजन देतात, काही ठिकाणी ऑनर्सला काहीच नाही. शाळेच्या कोर्सच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते न बघता घरात भांडू नका.

---

खडूफळा:

मी टेक्सासमध्ये पब्लिक हायस्कूलला इंग्रजी शिकवते, नववी आणि अकरावी. तुमची लेक वर्गात बसलेल्या निम्म्या मुलांसारखीच लिहिते, तेव्हा आधी एक श्वास घ्या. पुण्याहून आल्यामुळे हे होतंय असंही नाही. इथेच जन्मलेली मुलंही नववीत हेच लिहितात.

तिच्या परिच्छेदात घडलेल्या गोष्टींची तीन वाक्यं आहेत. विचाराचं एकच आहे, आणि ते पुस्तक न उघडताही लिहिता येतं. 'चष्मा म्हणजे बुद्धी आणि विज्ञान' हे नेटवरच्या प्रत्येक सारांशात असतं. तिच्या बाईंनी ते याच गठ्ठ्यात किती वेळा वाचलं असेल, विचार करा.

आता घरी काय करायचं. प्रतीक हा शब्द काही दिवस बंद ठेवा. तिला म्हणावं, चष्मा ज्या ज्या पानावर येतो ती पानं उघड, आणि एवढंच बघ की तो पिगीच्या डोळ्यांवरून कोण काढतं आणि कसा. दुसऱ्या प्रकरणात पहिली आग पेटवायची असते. तोवर कुणी रानटी झालेलं नाही. शंख आहे, सभा आहे, राल्फला निवडून पुढारी केलंय. तरीही जॅक पिगीला न विचारता त्याच्या चेहऱ्यावरून चष्मा हिसकावतो, तो घाबरून किंचाळतो, आणि जॅकला कुणी अडवत नाही. चौथ्यात जॅकच्या फटक्याने एक काच फुटते. दहाव्यात टोळी अंधारात येऊन चष्माच पळवते.

तिन्ही प्रसंग शेजारी ठेवले की काहीतरी खटकायला लागतं. वर्गात सगळे म्हणतात की मुलं आधी शहाणी होती, मग हळूहळू बिघडली. चष्म्यापुरतं तरी ते खरं नाही. चोरी दहाव्या प्रकरणात झाली, पण 'याची वस्तू याला न विचारता घेतली तरी चालते' हे दुसऱ्यातच ठरून गेलं होतं, आणि तेही सगळ्यांच्या भल्याच्या कामासाठी. सुटकेसाठी धूर हवा होता ना! इथे थीसिस, म्हणजे निबंधाचं मुख्य प्रतिपादन, तयार झाला: गोल्डिंग चष्म्यातून दाखवतो की जबरदस्ती बेटावर नंतर आली नाही, ती सुरुवातीलाच सोयीची म्हणून चालवून घेतली गेली.

याच्याशी कुणी वाद घालू शकतं. कुणी म्हणेल, पहिल्यांदा चष्मा परत दिला होता, चोरीत आणि त्यात फरक आहे. घालू दे की वाद. ज्यावर वादच होऊ शकत नाही तो थीसिस नसतो. 'चष्मा महत्त्वाचा आहे' यावर कोण भांडणार?

हे वाक्य तिला आयतं देऊ नका बरं का, नाहीतर पुढच्या पुस्तकाला पुन्हा तिथेच उभी राहील. पानं उघडून द्या, प्रश्न विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं आपल्या लोकांना सगळ्यात जड जातं. :)

मग लिहिताना, पुस्तकातला एक पुरावा दिला की मागे स्वतःची किमान दोन वाक्यं. त्या दोन वाक्यांत कथा एक पाऊलही पुढे सरकली नाही पाहिजे. हीच कॉमेंटरी. लांबलचक अवतरण उचलून मध्येच टाकायचं नाही, त्यातले हवे ते चार शब्द आपल्या वाक्यात ओवायचे. आणि साहित्यावर लिहिताना वर्तमानकाळ: 'जॅकने हिसकावला' असं नाही, 'जॅक हिसकावतो' असं. तिची घटनांची तिन्ही वाक्यं भूतकाळात आहेत, गोष्ट सांगितल्यासारखं वाटायचं तेही एक कारण.

बाई नववीतच एवढ्या का मागे लागतात, तर पुढची वाट तिकडे जाते. एपी लँग्वेजच्या परीक्षेत तीन निबंध असतात, वाचनाची १५ मिनिटं धरून सव्वादोन तासांत. प्रत्येक निबंधाला ६ गुण: थीसिसला १, पुरावे आणि कॉमेंटरीला मिळून ४, आणि विचारातल्या प्रगल्भतेला १. सुंदर भाषेला वेगळा रकानाच नाही. इंग्रजी उत्तम असलेली मुलं तिथेच चकतात.

ट्यूटर आत्ता नको. आधी बाईंची एक्स्ट्रा हेल्पची वेळ घ्या. मात्र ईमेल तिला करू द्या. हायस्कूलमध्ये पालकांचा ईमेल आला की आम्ही जरा सावध होतो, मुलाचा आला की आनंद होतो. 'गुण का कापले' असं न विचारता 'या परिच्छेदातलं एक वाक्य माझ्यासमोर कॉमेंटरीत बदलून दाखवाल का' असं विचारायला सांगा.

---

भिंगरी_नव्हे_भिंग:

अवांतर: पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याच्या चष्म्याची भिंगं अंतर्वक्र. अंतर्वक्र भिंग किरण पसरवतं, गोळा करत नाही. त्या चष्म्याने आग पेटणार नाही हो! गच्चीवरचा, तुम्ही मेकॅनिकलवाले, तुम्हाला कसं खटकलं नाही?

---

खडूफळा:

@भिंगरी_नव्हे_भिंग, बरोबर, गोल्डिंगची ही चूक प्रसिद्ध आहे. दरवर्षी वर्गातलं एक तरी पोर हात वर करून सांगतं आणि त्या दिवशी भाव खाऊन जातं. निबंधात मात्र घालू नये, विषयांतर म्हणून गुण जातील.

---

अर्धवट_मराठी:

माझं मराठी टायपिंग थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या. मी आता कॉलेजला आहे, ऑनर्स आणि दोन्ही एपी इंग्लिश केलेत.

खडूफळा मॅम म्हणतात ते सगळं +१. मला उपयोगी पडलं ते डबल एंट्री जर्नल. वहीच्या पानाला मध्ये रेघ, डावीकडे पुस्तकातली ओळ, उजवीकडे मला काय विचित्र वाटलं ते. छान वाटलं ते लिहायचं नाही, विचित्र वाटलं ते. निबंधाच्या आदल्या रात्री उजवी बाजू वाचायची, थीसिस बहुतेक तिथेच पडलेला असतो. टाइम्ड रायटिंगलाही हेच कामी येतं कारण वर्गात ४० मिनिटांत नवीन विचार सुचत नाही.

दुसरं, पहिल्या ओळीपासून गूगल डॉक्समध्येच लिहायला सांगा. दुसरीकडे लिहून एकदम पेस्ट करायचं नाही. एआयचा संशय आला की टीचर व्हर्जन हिस्टरी बघतात, आणि त्यात खोडाखोड दिसली की विषय संपतो. माझ्या मैत्रिणीने आजोबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिहून पेस्ट केलं होतं, तिला बसवून पुन्हा लिहायला लावलं.

आणि काका, प्लीज ती स्वतःहून देईपर्यंत निबंध वाचायला मागू नका. मला बाबांनी लाल पेन घेतलेलं बघूनच पोटात गोळा यायचा.

---

सॅन_होजेकर:

जीपीएवरून एवढा घोर लावून घेऊ नका. कॉलेजं आपापल्या पद्धतीने पुन्हा मोजतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचंच घ्या: जीपीएत दहावी आणि अकरावीचेच ग्रेड धरतात, नववीचे धरत नाहीत. शिवाय राज्याबाहेरच्या मुलांना तिथे शाळेच्या ऑनर्सचा जादा गुण नाही, फक्त एपी किंवा आयबी कोर्सना. तुम्ही न्यू जर्सीचे, म्हणजे त्या दारात नववीच्या ऑनर्सने गणित बदलत नाही. नववीच्या विषयात किमान सी हवा, एवढंच. बाकी कॉलेजांचं वेगळं असेल, पण नववीच्या पहिल्या मार्किंग पिरियडवरून पोरीला वर्गातून काढू नये असं माझं मत.

---

वास्तववादी_काकू:

@सॅन_होजेकर, सगळ्यांनाच कॅलिफोर्नियात जायचं नसतं. रात्री बारा वाजता पोर रडत असेल तर जीपीए कोण मोजतं ते मला महत्त्वाचं वाटत नाही. तिला विचारा तिला काय हवंय. धाग्यात तिचं मत कुठेच नाही.

---

गच्चीवरचा:

सर्वांचे मनापासून आभार. काकू, विचारलं. तिला ऑनर्स सोडायचं नाही, 'वर्गातल्या चर्चा सोडून मी तिकडे काय करू' म्हणाली. सोक्रॅटिक सेमिनार का काय असतं, गोल करून बसतात आणि बाई बोलत नाहीत, त्यात तिला मजा येते. काउन्सेलरकडून तारीख घेतली, दुसरा मार्किंग पिरियड निम्मा होईपर्यंत मुभा आहे. तोवर थांबायचं ठरलं. सौंनीही मान्य केलंय, तूर्तास.

खडूफळा ताई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला आणि तोंडावर बोट ठेवून बसलो. पहिली पाचेक मिनिटं 'मला नाही माहीत' झालं. मग दुसरं प्रकरण उघडलं, आणि तुमच्या थीसिसऐवजी ती भलतीकडेच गेली. तिचं म्हणणं, जॅक वाईट हे सगळ्यांनाच दिसतं, पण तो चष्मा वापरायला राल्फही पुढे असतो, आणि पिगीला मित्र म्हणवणारा तोच. मी म्हटलं राल्फ तर चांगला मुलगा आहे. त्यावर माझ्याशी तावातावाने भांडली, पानं दाखवून दाखवून. बाईंनी रिव्हिजनला परवानगी दिलीय, पुढच्या आठवड्यात द्यायचंय. ईमेल तिनेच केला.

एक बारीक शंका राहिली. ती ई-बुक वाचते. एमएलए पद्धतीत (निबंधात संदर्भ द्यायची पद्धत) कंसात लेखकाचं आडनाव आणि पान क्रमांक द्यायचा असतो, पण तिच्या टॅबवर अक्षर मोठं केलं की पानंच बदलतात. मग क्रमांक कुठला टाकायचा?

---

खडूफळा:

राल्फवरचा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला आहे, तोच ठेवू द्या. आता तिने एक करावं: 'राल्फ तर चांगला' हा तुमचा आक्षेप निबंधात स्वतःच मांडावा आणि खोडावा. घरबसल्या तिला प्रतिपक्ष मिळाला.

ई-बुकचा पान क्रमांक किंवा लोकेशन नंबर टाकायचा नाही, कारण तो प्रत्येकाच्या यंत्रावर वेगळा येतो. प्रकरण क्रमांक द्यायचा: कंसात गोल्डिंग, स्वल्पविराम, मग चॅप्टरचं संक्षिप्त रूप आणि २. छापील पुस्तकाच्या पान क्रमांकाआधी स्वल्पविराम नसतो, इथे असतो. काही शिक्षकांना तरीही छापील प्रतीचेच क्रमांक हवे असतात, तेव्हा शाळेच्या लायब्ररीतून वर्गात वापरतात तीच आवृत्ती आणून ठेवलेली बरी. शेवटच्या वर्क्स साइटेडच्या, म्हणजे संदर्भांच्या, यादीत मात्र तिने जी प्रत वाचली तिचीच नोंद हवी.