व्हीएमसी ऑपरेटरने कामाच्या डायरीत नक्की काय लिहावं?

शिफ्ट_बी, भोसरी
नमस्कार मंडळी. व्हीएमसीवर (संगणकाने चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर आहे, सेटर (मशीनवर टूल आणि मापं लावून देणारा) व्हायचंय. डायरी ठेवतो, पण 'ब्रॅकेट, 46 नग, 2 रिजेक्ट' याच्या पुढे गाडी जात नाही. जुनी पानं चाळली तरी हाती काही लागत नाही. काय लिहायचं, किती, कधी? मोबाइल गेटवरच जमा होतो, त्यामुळे वहीच हवी.

टूलरूमवाला
नगांचा हिशोब प्रॉडक्शन रिपोर्टमध्ये असतोच, तो परत कशाला उतरवायचा? तुमच्या वहीत कारणं हवीत. ऑफसेटला (मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) हात लावायच्या आधी अंदाज लिहा: 'बोअर 8 मायक्रॉन लहान येतोय, इन्सर्टची धार झिजली असावी.' (बोअर म्हणजे जॉबमधलं भोक, इन्सर्ट म्हणजे टूलवरचं बदलता येणारं कापणारं पातं, मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग.) मग एका वेळी एकच बदल करा आणि पुढच्या जॉबचं माप त्याखाली लिहा. इन्सर्टही बदलला, ऑफसेटही दिला, तर कशाने सुटलं ते कधीच कळणार नाही. अंदाज आधीच लिहायचा, यावर मी अडून बसेन. उत्तर कळल्यावर 'हे माहीतच होतं' असं वाटू लागतं आणि चुकलेला अंदाज वहीत उतरतच नाही. शिकायचं तर नेमकं त्यातूनच असतं.

दुसरं, नुसता आरपीएम लिहू नका, कटिंग स्पीड, म्हणजे कटरच्या धारेचा वेग लिहा. ईएन8 स्टीलवर 50 मिमी व्यासाचा फेस मिल (सपाट पृष्ठभाग कापणारा कटर) 180 मीटर प्रति मिनिटाने चालवला तर आरपीएम = 1000 × 180 ÷ (3.14 × 50), म्हणजे साधारण 1146. वहीत फक्त 1146 असेल आणि उद्या 63 चा कटर लावला, तर स्पीड 227 वर जातो आणि इन्सर्ट लवकर जळतात. 180 लिहिलेलं असेल तर 63 साठी 910 काढता येतो. फीडही तसाच, प्रति दात: 0.15 मिमी, 5 इन्सर्ट, 1146 आरपीएम, म्हणजे टेबल फीड सुमारे 860 मिमी प्रति मिनिट. इन्सर्टचा ग्रेड डबीवरून जसाच्या तसा उतरवा.

मोजमाप
वरच्यात एक भर. मापाशेजारी वेळ आणि जॉब गरम होता की गार, हे लिहाच. 30 एच7 चा (एच7 म्हणजे भोकाच्या मापाला किती सूट, त्याचा कोड) बोअर घ्या, मर्यादा 30.000 ते 30.021 मिमी. जॉब मशीनवरून नुकताच उतरलाय, सेटिंग रिंगपेक्षा (गेज जुळवायची अचूक मापाची कडी) 12 अंशांनी गरम आहे, गेजवर 30.003 दिसतं. ओके म्हणून ट्रेमध्ये जातो. स्टील मीटरला अंशामागे साधारण 11.5 मायक्रॉन फुगतं, म्हणजे 30 मिमीला इथे 4 मायक्रॉन. गार झाल्यावर तोच बोअर 29.999, इन्स्पेक्शनमध्ये रिजेक्ट! 'गरम' हा एक शब्द वहीत नसेल तर दोष ऑफसेटवर जातो आणि चांगलं सेटिंग हलवलं जातं. पुण्याच्या एप्रिलमध्ये हा घोळ हमखास होतो: रिंग एसी स्टँडर्ड रूममधून येते आणि जॉब तापलेल्या शेडमधून.

टूलरूमवाला
बरोबर. माझ्या उदाहरणातलं 8 मायक्रॉनचं मापही गार जॉबचंच धरा.

शिफ्ट_बी, भोसरी
हे सगळं लिहायला वेळ कुठून काढू? आणि नंतर सापडणार कसं?

क्वालिटी_चाकण
रोज एकच नोंद, ज्या जॉबने अडवलं त्याची. आकडे सायकल चालू असतानाच खिशातल्या वहीत टिपा, कारण शिफ्ट सुटल्यावर फक्त गोळाबेरीज आठवते. सुरळीत गेलेल्या दिवशी पान कोरं राहिलं तरी चालेल.

पानांना नंबर द्या आणि शेवटची दोन पानं सूचीसाठी सोडा. सूची तारखेने नको, अडचणीने लावा: चॅटर (टूल थरथरणं), बर (कडेला राहिलेली धातूची कुस), टेपर (माप एका टोकाकडे बदलत जाणं), साइज हलणं. गुरुवारी सुट्टी असेल तर आठवड्याच्या नोंदी तेव्हा सूचीत चढवा. 'चॅटर'पुढे चार-पाच पानं जमली की ती शेजारी ठेवून वाचा. टूल होल्डरबाहेर किती मिमी लोंबत होतं हा आकडा प्रत्येक नोंदीत असेल, तर कारण बहुतेक तिथेच दिसेल. तोच कागद सेटरला दाखवा आणि पुढचं सेटिंग त्याच्या नजरेखाली करायला मागा.

आणि एक जपा. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग किंवा पार्ट नंबर वहीत उतरवू नका, वही घरी जाते. 'ब्रॅकेट-क' असं स्वतःचं नाव द्या. मटेरियल, माप आणि टूल एवढ्यावर शिकायचं काम भागतं.