घरच्या थोरांचं पावसाचं गणित – तुमचे अनुभव सांगा

रानजाई
काल सोसायटीमागच्या आंब्यावर पावशा ओरडायला लागला आणि आबाच आठवले. 'पेरते व्हा' कानावर आलं की ते पेरणीची तिफण बाहेर काढायचे. ७ जूनला मृग, त्याआधी रान तयार. आता वय ७८, बीड जिल्ह्यात तीन एकर कोरडवाहू.

२०२५ ला मेमध्येच मान्सून आला. मशागत अर्धवट, तण माजलेलं. गावात बऱ्याच जणांनी पेरून घेतलं. आबा पहार घेऊन रानात. खुपसायची, उपसायची, ओली माती कुठवर चिकटलीय बघायचं. "वरची ओल फसवी असती." कृषी खातंही ७५ ते १०० मिमी पडल्याशिवाय पेरू नका म्हणतं, पण आबांचं मोजमाप पहारीवर. पुढं पावसानं दडी मारली, शेजाऱ्यांवर दुबार पेरणी आली, आबा वाचले. सप्टेंबरच्या पुरात अर्धं सोयाबीन गेलंच, तिथं पहार काय करणार.

तुमच्याकडचे काय करतात? लिहा.

चहाबाज
आमच्या पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक होतं. पाऊस सोडा, बेडूकही फिरकला नाही.

फणसगरे
श्रीवर्धनकडचे आम्ही. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. सुपारीच्या पोफळी आडव्या, नारळ त्यातल्या त्यात टिकले. काका सत्तरीचे, तरी पावसाळा सरायच्या आत नवी रोपं लावली. सुपारी धरायला सहा-सात वर्षं, म्हणून मधे केळी. "घरखर्च केळीवर, सुपारीचं पुढचं पुढं." आंब्याचं विचारूच नका. थंडी लांबते, मग पुनर्मोहोर, की आधीची वाटाण्याएवढी फळं गळून पडतात. फवारणीचा खर्च बघून काका कलमांना शिव्या घालतात आणि परत फवारतात.

लातूरची_सून
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. सासूबाई घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात. सहाव्या-सातव्या दिवशी उघडायचं. सत्तर उगवले तर पेरायचं, कमी निघाले तर पेरताना बी जास्त टाकायचं. आणि एक पोतं बाजूलाच, कितीही भाव आला तरी विकायचं नाही. त्याला त्या 'दुबारचं' म्हणतात. दुबार पेरणीच्या वेळी दुकानदार काय भाव लावतो ते त्यांना ठाऊक आहे. तुरीत मूग-उडदाच्या ओळी परत सुरू केल्या, आम्ही हसलो होतो. त्या वर्षी तेवढंच हाताला लागलं.
आणि तो पीक विमा! २०२४ पर्यंत नुकसान ७२ तासांत कळवा म्हणायचे. रानात गुडघाभर पाणी, रेंज नाही, सासऱ्यांना ॲप उघडता यायचं नाही. शिट्टी झाली, जाते.

पाटकरी
@लातूरची_सून गोणपाटाची युक्ती हरभऱ्याला चालते का?

वऱ्हाडी_ठेचा
पावसाचं सगळेच बोलून राहिले, उन्हाचं कोणी बोलेना. आमची माय पासष्ट वर्षांची, यवतमाळकडे. आधी मे महिन्यात दिवसभर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायची. आता पहाटे पाचला जाते, नवाच्या आत घरी. मजूर बायाही तसंच म्हणतात, मग दिवस अर्धा भरतो अन् पैशावरून वाद होते. तिले कोणी उष्माघात म्हटलेलं आवडत नाही, "चक्कर आली फक्त."

रानजाई
@वऱ्हाडी_ठेचा मायला ताक-मीठ घेऊन जायला सांगा. आबा पण ऐकत नाहीत.

चहाबाज
विषय निघालाच आहे तर, शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, कुणी पेरतं का अजून? हुरडा मिळेना झालाय.

पाटकरी
पेरतो की, एक एकर, बैलांच्या कडब्यासाठी. वडलांचा हट्ट. परतीचा पाऊस लांबला की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतच नाही, पेरणी दिवाळीपार जाते.

लातूरची_सून
@पाटकरी चालते, पण हरभरा लवकर उगवतो, चौथ्या दिवसापासून बघा. ऊन लागू देऊ नका, गोणपाट रोज शिंपडा.

चहाबाज
@पाटकरी हुरड्याला कधी येऊ? दही माझं.