मदत हवी आहे : वाकटीतल्या गोलकृमींच्या अळ्यांची ओळख कुठवर पटवता येईल?

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी नंदुरबारला प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. सागरी माशांतील परजीवी कृमी हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. आमच्या खान्देशात समुद्र नाही, पण गुजरातच्या किनाऱ्यावरून बर्फात येणारी वाकटी, बांगडा आणि सुरमई इथल्या बाजारात मिळते. मासा साफ करताना पोटात पांढऱ्या गुंडाळ्या दिसल्या की गिऱ्हाईक घाबरून विचारते आणि विकणाऱ्याकडे उत्तर नसते. ते उत्तर नीट तपासून देता यावे, असे मला मनापासून वाटते.

माझ्याकडील बहुतेक अळ्या वाकटीच्या यकृतावर आणि आतड्याच्या पडद्यावर घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या वेटोळे घालून, पातळ पारदर्शक कोशात बसलेल्या होत्या. कोश सुईने फाडून त्या मिठाच्या सौम्य द्रावणात धुतल्या, गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकून सरळ केल्या आणि लॅक्टोफेनॉलमध्ये पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांत दोन प्रकार दिसतात. पहिल्यात डोक्याच्या टोकाशी छिद्र पाडणारा दात आहे, अन्ननलिकेमागचा जठरासारखा भाग लांबट असून आतड्याशी तिरका जोडलेला आहे, शेपटीच्या टोकाला बारीक काटा आहे आणि आतड्याला वा जठराला कोणतीही आंधळी (एका टोकाला बंद) पिशवी नाही. या लक्षणांवरून मी त्यांना ॲनिसाकिस या गोलकृमींच्या गटातील, अळ्यांच्या प्रचलित वर्गीकरणातला 'पहिला प्रकार', असे म्हटले आहे. इथपर्यंत मला फारशी शंका नाही.

अडचण दुसऱ्या प्रकारात आहे. या अळ्यांत जठराची पिशवी मागे आणि आतड्याची पिशवी पुढे, अशा दोन्ही पिशव्या स्पष्ट दिसतात, म्हणजे त्या कॉन्ट्रासीकम किंवा हिस्टेरोथायलॅशियम या गोलकृमींच्या गटांतल्या असाव्यात. हा निर्णय उत्सर्जन-छिद्राच्या जागेवरून करतात : ते ओठांच्या बुडाशी असेल तर कॉन्ट्रासीकम, चेतावलयाच्या (अन्ननलिकेभोवतीच्या चेतातंतूंच्या कड्याच्या) पातळीवर असेल तर हिस्टेरोथायलॅशियम. मला नेमके तेच छिद्र सापडत नाही, कारण बर्फातून आलेल्या माशातील अळ्यांची त्वचा सुरकुतलेली असते आणि पहिल्या अळीत सहज दिसलेले छिद्र दुसरीत प्रत्येक सुरकुतीच्या जागी असल्याचा भास होतो. हा फरक केवळ नावाचा नाही. हिस्टेरोथायलॅशियम माशातच प्रौढ होतो, तर कॉन्ट्रासीकमला मासे खाणारे पक्षी किंवा सागरी सस्तन प्राणी लागतात, त्यामुळे चुकीचे नाव दिले तर जीवनचक्राविषयी लिहिलेले सगळेच चुकेल. ग्लिसरीनमध्ये फार सावकाश पारदर्शक केल्यास छिद्रापासून मागे जाणारी नलिका दिसते का, आणि अळी कोणत्या बाजूवर वळवून पाहावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

दुसरी शंका जातीच्या नावाची आहे. अळीला जननेंद्रिये तयार झालेली नसतात आणि ॲनिसाकिसच्या पहिल्या प्रकारात अनेक जाती मोडतात, हे माहीत असल्यामुळे मी जातीचे नाव न लिहिता 'प्रजाती (म्हणजे जातीच्या वरचा गट) ॲनिसाकिस, तिसऱ्या अवस्थेतील अळी' असे लिहिले. मार्गदर्शकांचा आग्रह जाती लिहिण्याचा आहे. आयटीएस किंवा कॉक्स-२ या जनुकभागांची तपासणी न करता केवळ मोजमापांवरून जाती लिहिणे मला पटत नाही. काही अळ्या मी आता फॉर्मेलिनला न दाखवता थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवल्या आहेत, म्हणजे पुढे डीएनए तपासता येईल. आपल्या भागात ही तपासणी माफक खर्चात कोणती प्रयोगशाळा करून देते, ते कळल्यास उपकार होतील.

तिसरी गोष्ट अळ्यांच्या जागेची. काही अळ्या मांसात मिळाल्या; परंतु काही माशांत मासा मेल्यानंतरही अळ्या पोटातून मांसात शिरतात, म्हणून बर्फातल्या माशावरून 'मांसात संसर्ग होता' असे लिहिणे योग्य ठरेल का? मला तरी वाटते की केवळ 'मांसात आढळल्या' असे लिहावे.

बाजारातल्या प्रश्नाला मी सध्या असे उत्तर देते : मासा आतपर्यंत, म्हणजे मध्यभागी किमान ६० अंश सेल्सिअसला मिनिटभर शिजला तर अळी मरते, त्यामुळे आपल्याकडचा तळलेला मासा किंवा रस्सा आतपर्यंत शिजला असेल तर जिवंत अळीची भीती बाळगू नये. मात्र ॲनिसाकिसचे काही ॲलर्जीकारक घटक शिजवल्यावरही टिकतात, म्हणून पूर्वी मासे खाऊन अंगावर गांधी उठलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारावे. यात काही चूक असेल तर जरूर दाखवावी.

दोन्ही प्रकारांच्या डोक्याची व शेपटीची रेखाटने आणि मोजमापे मी प्रतिसादात जोडत आहे.