‘प्रादेशिक एकात्मता’ की ‘अखंडता’?

भाषांतरकार: हिंदी महासागरातील चागोस बेटांविषयी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ साली दिलेल्या सल्लादायी मताचा सारांश मराठीत करीत आहे. ब्रिटनने १९६५ साली ही बेटे मॉरिशसपासून तोडली आणि १९६८ साली उरलेल्या मॉरिशसला स्वातंत्र्य दिले. वसाहतीचा प्रदेश न तोडला जाणे हा स्वयंनिर्णयाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालय म्हणते. यासाठीच्या ‘territorial integrity’ या इंग्रजी संज्ञेला मी ‘प्रादेशिक एकात्मता’ लिहिले होते, संपादकांनी ‘अखंडता’ केले. मॉरिशसपासून सुमारे २,२०० किलोमीटर दूर असलेल्या बेटांसह तो प्रदेश ‘अखंड’ कसा?

कोशप्रेमी: तुमचा शब्द भारतीय राज्यघटनेच्या उद्देशिकेतला दिसतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर मराठीत ‘एकता आणि एकात्मता’ आले, हिंदीत मात्र ‘एकता और अखंडता’. पण तेथे विषय राष्ट्राचा आहे. एकात्मता मनांची होते, सातबाऱ्याची नाही.

वारकरी: ‘अखंड’ म्हणजे मध्ये खंड न पडणे. आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहात पहारा बदलताना वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. येथे तर मध्ये अख्खा समुद्र आहे! शिवाय ‘प्रादेशिक’ म्हटले की वाचकाला प्रादेशिक पक्षच आठवतात, ते वेगळेच.

शेतकरी: आमची जमीन दोन शिवारांत आहे आणि मध्ये परक्यांची शेते आहेत, तरीही वाटणी होऊन फेरफार नोंदला जाईपर्यंत ती एकच. अखंड म्हणजे सलग नव्हे, अविभक्त. ‘भूभागाची अविभक्तता’ लिहावे.

कोशप्रेमी: ‘अविभक्त’ने एकत्र कुटुंबाचा वास येतो. रुळलेला शब्द मोडू नये.

गोमंतकीय: मला ‘स्वयंनिर्णय’ही कोरडा वाटतो. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी झाला तो ‘जनमत कौल’. देवाला लावतात तो कौल लोकांकडे आला.

कोशप्रेमी: तो कौल महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश राहावे, एवढ्यापुरता होता. कौल ही रीत झाली, स्वयंनिर्णय हा हक्क आहे.

वकील: खरी अडचण हा हक्क कोणाचा, ही आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात तो ‘सर्व लोकांना’ (इंग्रजीत ‘all peoples’) दिला आहे. पण मराठीत ‘लोक’ मुळातच अनेकवचनी असल्याने एक लोकसमूह आणि अनेक लोकसमूह हा भेद पुसला जातो. भारताने १९७९ साली त्या करारात सामील होताना हा हक्क परकीय अंमलाखालील लोकांपुरताच आहे, सार्वभौम देशातील एखाद्या गटाला नाही, असे नोंदवले. चागोसविषयीच्या मतात ‘लोक’ कोण, मॉरिशसचे की बेटांवरून हलवलेले तिथले रहिवासी?

भाषांतरकार: तेथे मी ‘जनता’ लिहिले आहे. आता तेही अडले.