लेपर्ड गेकोची (घरी पाळतात ती ठिपक्यांची पाल) मादी दहा महिन्यांची झाली, आता नर सोडू का?
दहा महिन्यांची झाली म्हणून नर सोडायचा म्हणताय, पण लेपर्ड गेकोत नुसतं वय बघून चालत नाही हो, आधी वजन करा. ४५ ग्रॅमच्या खाली असेल तर थांबाच, आणि माझं स्पष्ट मत, निदान सव्वा वर्षाची होऊ द्या, कारण एका सीझनमध्ये ती दोन-दोन अंडी करत कितीतरी वेळा घालते आणि कॅल्शियम कमी पडलं की ते तिच्याच हाडांतून जातं. शेपटी चांगली जाडजूड हवी. पारदर्शक डब्यात ठेवून खालून बघा, पोटाच्या कातडीतून दोन्ही बाजूंना गुलाबीसर गोल दिसले तर अंडी धरायला लागलीये (नर नसतानाही असं होतं, तेव्हा खाणं कमी करते, घाबरू नका). पण ते दिसूनही शेपटी बारीक असेल तर यंदा नर नकोच, बिचारी अंडी घालता घालता खंगते.