कोयनेच्या खोऱ्यात पायी फिरायचंय : वासोटा, नागेश्वर की आणखी कुठे?

पाऊलवाट :

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात कोयना अभयारण्यात दोन-तीन दिवस काढायचा विचार आहे. आम्ही चौघं : मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि माझी आई. आई साठी ओलांडलेली, रोज फिरायला जाते, चढ चढते, पण उतारावर तिचा गुडघा बोलतो. मुलगी राजगड आणि कळसूबाई हसत चढली आहे.

गड बघायचाच असं काही नाही. दाट रान, ओढे, घळी, पक्षी आणि जमल्यास कमी गर्दी, एवढंच हवंय. शोधायला गेलं की जो तो वासोटा किल्ल्याचं नाव घेतो. वासोटा आणि नागेश्वरची गुहा एका दिवसात करावं का? आईला कुठवर नेता येईल? परवानगी आणि मुक्कामाचं कसं करायचं? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगितलं तर उपकार होतील.

गडवेडा :

वासोटाच करा. शनिवार-रविवार सोडून जा, म्हणजे गर्दीचा प्रश्न मिटेल. मुक्काम जलाशयाकाठच्या बामणोली गावात. सकाळची पहिली बोट पकडा.

रानजाई :

पाऊलवाट, तुम्हाला रान हवंय हे वाचून बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खोरं समजून घ्या. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर दक्षिणेकडे वाहत जाते. हेळवाकपाशी ती एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. वळणाच्या आधीच्या भागात धरणाचं पाणी पसरलंय, तो शिवसागर. पाण्याच्या पश्चिमेला जी डोंगररांग दिसते तिच्या पलीकडे थेट कोकणात उतरणारे कडे आहेत. पाणी आणि कडा यांच्यामध्ये जो जंगलाचा पट्टा उरलाय तेच अभयारण्याचं खरं काळीज. १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं, २०१० मध्ये चांदोलीसह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाबरोबर कोयनाही आली.

या रानात आत जायचं तर पाण्यावरूनच, आणि तुमचा सगळा दिवस त्यावरच बेतावा लागतो. बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याला पोचायला लाँचने साधारण दीड तास लागतो, मुनावळ्याहून बराच कमी. परतताना तेवढाच वेळ. अंधारापूर्वी अभयारण्यातून बाहेर पडावंच लागतं, आत मुक्कामाला परवानगी नाही. थंडीत दिवस लहान. म्हणजे हातात राहतात ते दुपारच्या अलीकडचे-पलीकडचे काही तास. ते चढण्यात संपवायचे की रानात घालवायचे, हे घरून निघतानाच ठरवा.

बहुतेक जण काय करतात? उतरले की धावत सुटतात. दोन-अडीच तासांत माथा, बाबूकड्यावर फोटो, आणि धावत खाली. अख्खं जंगल घामाने डोळे मिटून पार होतं. तुम्ही तसं करू नका.

पायथ्याला वनखात्याची चौकी आहे. तिथे पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं मोजून अनामत घेतात, परतताना तेवढीच दाखवली की पैसे परत मिळतात. थोडं पुढे ओढ्याकाठी मारुतीची मूर्ती आहे. इथवरची वाट सौम्य आहे, आईंना इथवर नक्की न्या. मेट इंदवली नावाचं गाव इथे होतं. माणसं उठून गेली, गावाची जोती झाडीत राहिली. झोपायला येणारी जनावरं सोडली तर आता त्या जोत्यांना कोणी नाही. ओढ्यात डिसेंबरातही पाणी असतं. आईंनी तिथे सावलीत निवांत बसावं. सोबत घरातलं एक मोठं माणूस ठेवाच, एकट्याने बसायची ही जागा नाही.

ओढा ओलांडला की खडा चढ सुरू होतो आणि रानही घट्ट होतं. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा. खोडं सरळ वर गेलेली, खाली ऊन फक्त कवडशांपुरतं. इथे मुलीला घेऊन पंधरा-वीस मिनिटं गप्प बसा. वरून कटकट असा चिडका आवाज आला की मान वर करा, शेकरू असतं. गर्द तांबूस पाठ, पिवळट पोट आणि अंगापेक्षा लांब शेपूट. फांदीच्या पार टोकाला, जिथे जड जनावर पोचणार नाही अशा जागी, डहाळ्या-पानांचा गोल गोळा दिसला तर ते त्याचं घरटं. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. मलबारी कर्णा हा पक्षी याच पट्ट्यात दिसतो, पण तो इतका निश्चल बसतो की नजर त्याच्यावरून सरकून जाते. नराचं पोट लालभडक असतं, तेच शोधायचं.

वर गेलातच तर बाबूकडा चुकवू नका. घोड्याच्या नालेच्या आकाराचा प्रचंड तुटलेला कडा आणि समोर जुना वासोटा नावाचा डोंगर. १८१८ साली इंग्रजांनी तिथेच तोफा चढवून गडावर मारा केला होता. कडेला कठडा नाही. मुलीचा हात सोडू नका.

नागेश्वर त्याच दिवशी अजिबात जोडू नका. तिकडची वाट कड्याच्या धारेने जाते, पल्ला लांब आहे, आणि लहान मुलीला घेऊन परतीच्या लाँचची धास्ती बाळगत चालण्यात काही मजा नाही. नागेश्वरची गुहा सुंदर आहे, आत महादेव आहे, महाशिवरात्रीला कोकणातली माणसं चोरवण्याहून चढून येतात. ती वेगळ्या वेळी स्वतंत्र करा.

गडवेडा :

ताई, नागेश्वरबद्दल थोडं वेगळं मत आहे. तरुण गट असेल, पहिल्या लाँचने गेला असेल आणि पाय सवयीचे असतील तर दोन्ही होतात, आम्ही केलंय. पण धाग्यातल्या कुटुंबासाठी तुमचंच बरोबर.

रानजाई :

तरुण गटाला जमतं, मान्य. नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन मात्र नको.

दक्षिणवाटा :

पाऊलवाट, गर्दी नको म्हणालात म्हणून दुसरं टोक सुचवतो. कोयनानगरहून नवजाला जा. नवजाजवळून जंगली जयगड या किल्ल्याला वाट जाते. हीसुद्धा अभयारण्यातच, वनखात्याची परवानगी आणि सोबत स्थानिक वाटाड्या दोन्ही हवंच. वासोट्याच्या तुलनेत माणसं फारच कमी, चढ फार अंगावर येत नाही, बरीचशी वाट दाट रानातून. माथ्यावरून एकदम खाली कोकण आणि कोळकेवाडीचा जलाशय दिसतो. कोयनेचं वळवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून तिकडे कसं उतरतं हे मुलीला तिथे उभं राहून समजावता येईल, पुस्तकात इतकं पक्कं डोक्यात बसत नाही.

हा अस्वलांचा मुलूख आहे. वाटेच्या कडेला फोडलेलं वारूळ दिसलं तर वाकून बघा. माती ताजी ओलसर असेल तर अस्वल रात्रीच येऊन गेलंय. झाडाच्या खोडावर नखांचे समांतर ओरखडे सापडतात. वाटाड्याला विचारा, तो दाखवेल.

आईंसाठी नवजाचाच ओझर्डे धबधबा बघा. पावसाळ्यासारखा जोर डिसेंबरात नसतो, पण घळ आणि झाडी सुरेख आहे.

पाऊलवाट :

रानजाई, दक्षिणवाटा, खूप आभार. इतकं तपशीलवार कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. जयगडची वाट मनात भरली, पण अस्वलाचं ऐकून बायको काळजीत पडली आहे. लहान मूल बरोबर असताना जावं का? आणि जळवा?

दक्षिणवाटा :

काळजी रास्त आहे. अस्वल माणसावर येतं ते बहुतेक वेळा दचकून, अगदी जवळ अचानक सामना झाला की. म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी वाटेवर राहू नका, ऊन चढल्यावर निघा. झुडपी वळणावर साध्या आवाजात बोलत जा, म्हणजे त्याला आधीच चाहूल लागते. वाटाड्या सर्वांत पुढे, मग मुलगी, तिच्या मागे तुम्ही. तिने पुढे पळायचं नाही, एवढा एकच नियम तिला घरीच सांगून ठेवा. गवे दिसले तर थांबा, त्यांना जाऊ द्या, फोटोसाठी जवळ सरकू नका. एकटा नर असेल तर आणखी अंतर ठेवा.

जळवा पावसाळ्यात आणि लगेच नंतर. तुम्ही म्हणताय त्या दिवसांत वाट सुकलेली असते, त्रास होऊ नये. तरी लांब मोजे घाला, विजार मोज्यात खोचा.

कांदाटकर :

एक भर घालतो. तापोळ्यापलीकडे कांदाटी खोऱ्यात चकदेव आणि पर्वत नावाचे डोंगर आणि महिमंडणगड आहेत. कोकणातल्या खेडकडून रघुवीर घाटाने शिंदी गावापर्यंत गाडी येते, मग लाँचची वेळ गाठायची चिंता उरत नाही. पर्वतला शंकराचं जुनं दगडी देऊळ आहे. चकदेवला कोकणातून चढणारी शिड्यांची वाट प्रसिद्ध आहे, पण आईंबरोबर ती नको, शिंदीकडूनच जा. या बाजूला वाड्यांवर अजून माणसं राहतात. आधी सांगून ठेवलं तर घरगुती जेवण मिळतं, आणि रानाबद्दल त्यांच्याइतकं कोण सांगणार?

रानजाई :

कांदाटकरांचा सल्ला छान आहे. पाऊलवाट, तुमच्या घरासाठी मी असं करेन : पहिला दिवस मधल्या वारी बामणोली किंवा मुनावळ्याहून वासोट्याचं रान. आई आणि सोबतचं एक जण ओढ्यापाशी, बाकीचे दोघं जमेल तितकं वर, घड्याळात परतीची वेळ झाली की जिथे असाल तिथून मागे. मग कोयनानगरला मुक्काम. रस्त्याने हे अंतर मोठं आहे, त्यामुळे दुसरा दिवस प्रवास आणि ओझर्ड्याला ठेवा, जयगड तिसऱ्या दिवशी सकाळी. दोनच दिवस असतील तर दोन्ही टोकं पकडू नका, एकच निवडा. माझं मत जयगडला.

परवानगीसाठी प्रत्येकाचं ओळखपत्र आणि त्याची प्रत जवळ ठेवा, मुलीचंही. बोटवाल्याशी आदल्या संध्याकाळीच बोलून घ्या, कारण भाडं पूर्ण बोटीचं असतं आणि आणखी कोणी मिळालं तर वाटून घेता येतं. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, उघडल्यावर पहिल्या काही शनिवार-रविवारी झुंबड उडते, तेव्हा तुमचा डिसेंबरचा बेतच चांगला. लाँचवर सकाळी हाडं गोठवणारा वारा असतो, आईंसाठी कानटोपी आणि जाड शाल घ्या. उतारासाठी त्यांना दोन काठ्या द्या, एका काठीने गुडघ्यावरचा भार तितका हलका होत नाही.